विश्लेषण : धनेश वाचवायचा तर जुने झाड आधी का वाचवावे लागते?

थंडी सरत आली की सह्याद्रीच्या जंगलात धनेशाची मादी एखाद्या उंच झाडाच्या ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते आणि पुढचे अनेक आठवडे स्वतःला कोंडून घेते. बाहेर राहतो तो फक्त नर. तिला आणि नंतर पिल्लाला लागणारा प्रत्येक घास तोच एका अरुंद फटीतून भरवतो. हा सगळा संसार ज्या झाडावर चालतो, ते झाड मात्र अनेकदा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कोणाच्या तरी सातबाऱ्यावर किंवा गावाच्या ताब्यातील जंगलात उभे असते. पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे, पण झाड राहणार की जाणार हे मालकाला पैशांची किती निकड आहे यावर ठरते. अरुणाचल प्रदेश, तमिळनाडू आणि आपला रत्नागिरी जिल्हा या तीन ठिकाणी या पेचावर तीन वेगवेगळे उपाय करून पाहिले जात आहेत. हे उपाय कोणते, ते कितपत उपयोगी पडले आणि कुठे अपुरे ठरले?

धनेश म्हणजे कोणता पक्षी?

भारतात धनेशाच्या ९ प्रजाती आढळतात. त्यातील एक, नारकोंडम धनेश, अंदमानातील जेमतेम ७ चौरस किलोमीटरच्या नारकोंडम बेटाबाहेर जगात कुठेही नाही. सर्वांत मोठा महाधनेश. त्याची लांबी मीटरभर किंवा त्याहून अधिक, पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर आणि वजन तीन किलोच्या आसपास असते. पिवळ्याधमक चोचीवरचा शिरस्त्राणासारखा उंचवटा दिसायला जड, पण आतून पोकळ असतो. हा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांतील मोठ्या पिसांची मुळे खालून झाकणारी लहान पिसे नसल्याने हवा फटींतून घुसते आणि वाफेच्या इंजिनासारखा 'घुस्स-घुस्स' आवाज होतो.

महाराष्ट्रात महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि राखी धनेश अशा चार प्रजाती आहेत. राखी धनेश पुण्या-मुंबईतील जुन्या झाडांवरही दिसतो. उरलेल्या तिघांना दाट, जुने जंगल लागते. कोकणात त्यांची नावे गावागणिक बदलतात. कुठे गरुड, कुठे माडगरुड, तर कुठे ककणेर.

मुंबईकरांनी महाधनेश वेगळ्या रूपात पाहिलेला असतो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या बोधचिन्हावर तोच आहे. १८९४ ते १९२० या काळात संस्थेच्या जागेत 'विल्यम' नावाचा महाधनेश राहत होता. पुढे संस्थेच्या मुख्यालयालाही 'हॉर्नबिल हाउस' हे नाव मिळाले. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचा राज्यपक्षी महाधनेशच आहे. तरीही २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने (आययूसीएन) त्याला 'असुरक्षित' प्रजातींच्या गटात टाकले. फक्त पश्चिम घाटात आढळणारा मलबारी राखी धनेशही आता त्याच गटात आहे.

ढोलीचे एवढे महत्त्व का?

सुतारपक्षी चोचीने स्वतःचे घर कोरतो. धनेशाला ते जमत नाही. फांदी मोडल्यावर पडलेली खाच, बुरशीने पोखरलेला गाभा किंवा दुसऱ्या पक्ष्याने कोरलेले भोक वर्षानुवर्षे मोठे होत जाते, तेव्हा कुठे महाधनेशाला पुरेल एवढी ढोली तयार होते. त्यासाठी खोडाचा घेर प्रचंड लागतो. म्हणजे झाड अनेक दशकांचे, बहुधा त्याहूनही जुने असावे लागते.

अशी ढोली सापडली की मादी आत जाते आणि विष्ठा, फळांचा चोथा, माती यांनी तोंड लिंपून फक्त एक उभी फट ठेवते. साप, माकडे किंवा इतर शिकारी आत शिरू नयेत म्हणून ही तटबंदी. आत असतानाच मादीच्या पंखांची मोठी पिसे गळतात आणि नवी येतात. या काळात तिला धड उडता येत नाही. अंडी घालण्यापासून पिल्लू बाहेर पडेपर्यंतचा काळ प्रजातीनुसार साधारण तीन ते चार महिन्यांचा असतो. महाधनेशाची जोडी एका हंगामात बहुतेक वेळा एकच पिल्लू वाढवते.

यातून दोन गोष्टी घडतात. पहिली, विणीच्या हंगामात नराची शिकार झाली तर ढोलीतील मादी आणि पिल्लू यांचीही उपासमार होते. एका गोळीत अख्खे कुटुंब जाऊ शकते. दुसरी, जोडी चांगली ढोली सहसा सोडत नाही, वर्षानुवर्षे तिथेच परतते. ते झाड पडले तर पुढच्या हंगामात तिला दुसरी ढोली शोधावी लागते. ती मिळाली नाही तर त्या वर्षी पिल्लू नाही. पक्षी आकाशात दिसत राहतात, गावकऱ्यांना वाटते सगळे ठीक आहे, आणि दरम्यान नवी पिढी मात्र येत नसते.

धनेश गेला तर जंगलाचे काय बिघडते?

धनेशाचा मुख्य आहार म्हणजे फळे. वड, पिंपळ, उंबर, नांदरुक यांची फळे तर तो खातोच, पण रानजायफळासारखी मोठ्या बीची फळेही गिळतो. कोकणात तो काजऱ्याची फळेही खातो. गर पचतो आणि बी न फुटता बाहेर पडते, कधी ओकून तर कधी विष्ठेतून. तोवर पक्षी मूळ झाडापासून बराच दूर गेलेला असतो.

लहान बिया पसरवायला बुलबुलापासून वटवाघळापर्यंत अनेक जण आहेत. मोठ्या बिया गिळू शकेल एवढी चोच फार थोड्या पक्ष्यांकडे असते. त्या बिया आईझाडाखालीच पडून राहिल्या तर सावलीत आणि किडीच्या तडाख्यात त्यांतील बहुतेक मरतात. म्हणून धनेशाला 'जंगलाचा शेतकरी' म्हणतात. तो कमी झाला तर ज्या झाडांची वये वाढून ढोल्या तयार व्हायच्या, त्यांच्यातील काहींची रोपेच कमी उगवतील. त्याचा परिणाम दिसायला अनेक दशके लागतात, त्यामुळे तो लक्षात येत नाही.

कायदा असूनही प्रश्न का उरतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार महाधनेश पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाइतकेच कडक संरक्षण. त्याला मारणे, घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणे हा गुन्हा आहे. अडचण येते ती कॅलेंडरमुळे. वर्षातील सात-आठ महिने ढोली रिकामी असते. त्या काळात कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या दृष्टीने ते फक्त एक जुने, आतून पोखरलेले, इमारतीला न चालणारे झाड असते. असेच झाड सरपणाच्या किंवा कोळशाच्या हिशेबात सर्वांत आधी जाते.

दुसरी अडचण हद्दीची. व्याघ्र प्रकल्प आणि अभयारण्यांना वनरक्षक असतात. धनेश मात्र नकाशावरची रेघ पाळत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तर जंगलाचा मोठा भाग खासगी मालकीचा आहे. तिथे ठेकेदार उभी झाडे उक्ती विकत घेतो, डोंगर एकदम मोकळा होतो आणि पुढे आंबा, काजू किंवा रबराची लागवड होते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोड रोखण्यासाठी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. २०२० मध्ये तिथले २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र 'तिळारी संवर्धन राखीव' म्हणून घोषित झाले. पण प्रत्येक ढोलीसाठी न्यायालयात जाणे शक्य नाही. त्यामुळे झाडाचा ताबा ज्याच्याकडे आहे, त्याला ते उभे ठेवण्यात फायदा वाटावा यासाठी काय करता येईल, हा खरा प्रश्न आहे.

अरुणाचलात काय केले गेले?

अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्प सुमारे ८६२ चौरस किलोमीटरचा आहे. भोवती न्यिशी समाजाची गावे आहेत. न्यिशी पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर धनेशाची चोच लावलेली असते. मांस, चरबी आणि पिसांसाठीही शिकार होत असे. ही शिकार कमी करण्यासाठी वन विभाग आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी फायबर ग्लासच्या चोची बनवून दिल्या. टोपीची शान राहिली आणि पक्षीही वाचला. २००६ मध्ये गावबुढ्यांनी, म्हणजे गावांच्या प्रमुखांनी, एकत्र येऊन 'घोरा-आभे' ही संस्था स्थापन केली.

२०११ मध्ये घोरा-आभे, वन विभाग आणि नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन (एनसीएफ) यांनी 'धनेश घरटे दत्तक योजना' सुरू केली. तिची रचना साधी आहे. शहरातील नागरिक वर्षाला ठरावीक रक्कम देऊन एक घरटे दत्तक घेतात. त्या पैशांतून गावातील माणसांना घरटे-राखणदार म्हणून मानधन मिळते. यातील काही जण पूर्वी स्वतः शिकार करायचे. कोणत्या झाडावर ढोली आहे, मादी कधी आत गेली, हे शिकाऱ्याइतके अचूक कोणालाच माहीत नसते. तीच माहिती आता नोंदवहीत जाते : घरटे वापरात आहे का, पिल्लू उडाले का, आसपास करवतीचा आवाज आला का. या कामासाठी एनसीएफच्या शास्त्रज्ञ अपराजिता दत्ता यांना २०१३ मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला. २०१५ पासून 'पक्के पागा' महोत्सवही सुरू झाला. न्यिशी भाषेत 'पागा' म्हणजे धनेश.

ही कल्पना आधी थायलंडमध्ये रुजली होती. तेथील संशोधक पिलाई पूनस्वाद यांनी १९७८ मध्ये धनेशांचा अभ्यास सुरू केला. पुढे दक्षिण थायलंडच्या बुडो पर्वतात पिल्लांची चोरी करणाऱ्यांनाच त्यांनी घरट्यांच्या राखणीचे काम दिले. केरळच्या वाझाचल जंगलात कादर आदिवासीही असेच घरटी राखतात.

मग तिथे प्रश्न सुटला का?

पूर्ण नाही. राखणदार घरट्याचे झाड वाचवू शकतो, भोवतालचे जंगल तोडायला टोळी आली तर त्याचा इलाज चालत नाही. पक्केला लागून असलेल्या पापुम राखीव जंगलात दत्तक योजनेतील अनेक घरटी आहेत. उपग्रह चित्रांच्या अभ्यासातून असे दिसले, की २०१३ ते २०१७ या काळात तिथले ३२ चौरस किलोमीटर जंगल नाहीसे झाले. तुलना करायची तर आपल्या संपूर्ण तिळारी संवर्धन राखीव क्षेत्राहून अधिक जंगल चार वर्षांत गेले.

ढोली हे घर असेल तर आजूबाजूची फळझाडे ही नराची बाजारपेठ. घर शाबूत आणि बाजार उठलेला, अशा ठिकाणी नराला प्रत्येक घासासाठी लांब जावे लागते. त्यामुळे घरटे राखणे ही पहिली पायरी झाली, पण भोवतालच्या जंगलाला कायदेशीर संरक्षण आणि त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी लागतेच.

तमिळनाडूत तुटलेले जंगल पुन्हा जोडता आले का?

जिथे जंगल शंभर वर्षांपूर्वीच गेले, तिथे वेगळा उपाय लागतो. तमिळनाडूतील अनामलाई डोंगरांत वालपराईचे पठार आहे. ब्रिटिश काळात इथले सदाहरित जंगल तोडून चहा-कॉफीचे मळे झाले. आता चहाच्या हिरव्या गालिच्यात मूळ जंगलाचे तुकडे बेटांसारखे उरले आहेत. चहूबाजूंनी अनामलाई व्याघ्र प्रकल्प आणि इतर जंगले आहेत.

एनसीएफचे दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रमण यांनी गेल्या दोन दशकांत मळेमालक कंपन्यांच्या सहकार्याने हे तुकडे सावरण्याचे काम केले. रस्त्याच्या कडेला पडलेल्या जंगली झाडांच्या बिया गोळा करायच्या, रोपवाटिकेत वाढवायच्या, तुकड्यातले घाणेरीसारखे तण काढायचे आणि एकाच जागी अनेक देशी प्रजातींची रोपे लावायची, अशी ही पद्धत. लागवडीनंतर ७ ते १५ वर्षांनी केलेल्या मोजणीत, नुसत्या सोडून दिलेल्या तुकड्यांपेक्षा लागवड केलेल्या तुकड्यांत झाडांची सावली, प्रजातींची संख्या आणि साठलेला कार्बन अधिक आढळला. मळ्यांमध्ये सावलीसाठी ऑस्ट्रेलियातून आलेल्या सिल्व्हर ओकऐवजी देशी झाडे ठेवली तर पक्ष्यांना ये-जा करायला पूल मिळतो, हाही इथला धडा.

मर्यादा वेळेची आहे. आज लावलेल्या रोपावर काही वर्षांत पक्षी बसतील, फळेही लागतील. पण महाधनेशाला पुरेल अशी ढोली व्हायला दोन-तीन पिढ्या जाव्या लागतील. 'एक झाड तोडले तर दहा लावू' हे गणित धनेशाच्या बाबतीत जुळत नाही, ते इथेच.

रत्नागिरीत बेहड्याचे गणित काय आहे?

कोकणात राखणदाराचे मानधन किंवा मळेमालक कंपनी असे काही नाही. इथे शेकडो लहान जमीनमालक आहेत. संगमेश्वर परिसरात अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन (एईआरएफ) या संस्थेने त्यासाठी बेहड्याचा आधार घेतला.

हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होते, हे मराठी घरांत वेगळे सांगावे लागत नाही. बेहड्याचे झाड प्रचंड वाढते आणि जुन्या बेहड्याच्या खोडात ढोल्या होतात. त्यात धनेश घरटे करतो. लाकडासाठी मात्र हीच झाडे तोडली जात होती. संस्थेने गावकऱ्यांना फळे शास्त्रीय पद्धतीने गोळा करायला, सुकवायला शिकवले आणि 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवले. जंगलातून किती माल घ्यायचा याची मर्यादा पाळणे आणि गोळा करणाऱ्याला रास्त दाम देणे या त्याच्या अटी. ब्रिटनमधील हर्बल चहा बनवणाऱ्या कंपनीने हा माल घेतला. झाड एकदाच विकता येते, फळ दरवर्षी विकता येते, हा हिशेब त्यातून मालकाच्या हातात आला. याशिवाय काही खासगी जंगलमालकांशी आणि गावांशी संवर्धन करारही करण्यात आले. ठरावीक मोबदला घ्यायचा आणि ठरावीक वर्षे तोड करायची नाही, असे त्यांचे स्वरूप.

यालाही मर्यादा आहेत. परदेशातील मागणी घटली तर गावातील दर पडतो. शिवाय प्रत्येक ढोली बेहड्यातच नसते. वड, आंबा, सातवीण यांच्या ढोल्यांसाठी असा बाजार नाही.

देवराया आणि कृत्रिम ढोल्यांचा उपयोग होतो का?

कोकणातील देवरायांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या रानांत कुऱ्हाड चालत नसल्याने सर्वांत जुनी झाडे तिथेच उरली. पण बहुतेक देवराया आकाराने लहान आहेत. एखाद्या जोडीला घर तिथे मिळते, पोट भरायला मात्र भोवतीचे जंगल लागते. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवराईतील मोठी झाडे विकली गेली की हा आधारही जातो.

लाकडी किंवा फायबरच्या कृत्रिम ढोल्या थायलंडमध्ये बसवण्यात आल्या आणि धनेशांनी त्यांतील काही स्वीकारल्याही. जिथे फळे भरपूर आहेत पण मोठी झाडे तुटली आहेत, तिथे ही मधल्या काळाची सोय ठरू शकते. त्यांची दरवर्षी डागडुजी करावी लागते, आणि त्या टांगायलाही एक उंच, भक्कम झाड लागतेच.

पुढे काय करता येईल?

तिन्ही ठिकाणचे अनुभव एकत्र ठेवले तर काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ढोली असलेल्या झाडांची गावनिहाय नोंद हवी. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. घरट्याचे झाड त्यात नोंदले तर तोडीचा परवाना मागणारा अर्ज आल्यावर हरकत घ्यायला कागद हातात असेल. दुसरी, मोबदला झाड उभे ठेवण्यासाठी असावा. आज सरकारी योजनांचा भर नव्या लागवडीवर असतो, जुने झाड राखणाऱ्याला काहीच मिळत नाही.

तिसरी गोष्ट थेट वाचकांशी संबंधित आहे. कोकणातील अनेक जंगलमालक आज मुंबई, ठाणे, पुण्यात राहतात. गावाकडच्या सामाईक जमिनीवरील झाडांचा सौदा होतो आणि सह्या शहरातल्या घरात होतात. सही करण्याआधी त्या डोंगरात ढोलीचे झाड आहे का, एवढे गावातील गुराख्याला किंवा देवळाच्या पुजाऱ्याला विचारता येते. ते झाड आणि भोवतालची फळझाडे सौद्यातून वगळता येतात. तसे कागदावर लिहून घेता येते.

आणि घरटे दिसलेच तर त्याचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. कॅमेऱ्यांची गर्दी झाली की नर बिचकतो, ढोलीजवळ यायला वेळ लावतो आणि आतली दोन पोटे तेवढा वेळ उपाशी राहतात. फोटो काढून वन विभागाला किंवा स्थानिक अभ्यासकांना कळवणे एवढे पुरेसे असते.